केशवराव भोसले नाट्यगृह : पॅलेस थिएटर ते पुनर्उभारणी

कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानाला लागून असलेले संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह ही राजर्षी शाहू महाराजांच्या कलाश्रयाची साक्ष आहे. महाराजांनी उभारलेली ही दगडी वास्तू १९१५ साली 'पॅलेस थिएटर' या नावाने सुरू झाली. तालमीतला मल्ल आणि रंगभूमीवरचा गायक नट, दोघांनाही एकाच आवारात हक्काची जागा देण्यामागची त्यांची दृष्टी त्या काळात दुर्मीळच म्हणावी लागेल.

१९५७ मध्ये या नाट्यगृहाला केशवरावांचे नाव देण्यात आले. ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात जन्मलेल्या या गायक नटाने १९०८ साली हुबळी येथे 'ललितकलादर्श' नाटक मंडळीची स्थापना केली. बालपणी जळगावात संगीताचे धडे गिरवलेले बालगंधर्व हे त्यांचे समकालीन आणि तुल्यबळ प्रतिस्पर्धी. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी मुंबईत झालेल्या 'संयुक्त मानापमान'च्या प्रयोगात केशवराव धैर्यधर, तर बालगंधर्व भामिनी झाले होते. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवरावांचे निधन झाले. आज जळगावातील खुल्या नाट्यगृहाला बालगंधर्वांचे आणि कोल्हापूरच्या या वास्तूला केशवरावांचे नाव आहे.

पुढे महापालिकेच्या अखत्यारीत आलेल्या या रंगमंचावर व्यावसायिक नाटकांबरोबरच गाण्याच्या मैफली, बालनाट्ये आणि राज्य नाट्य स्पर्धेतील हौशी संस्थांचे प्रयोग होत राहिले. पदरमोड करून नाटक उभे करणाऱ्या स्थानिक मंडळींना येथेच मोठा प्रेक्षकवर्ग मिळाला.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, भीषण आगीत छप्पर, रंगमंच आणि प्रेक्षागृह भस्मसात झाले. दर्शनी दगडी भाग मात्र उभा राहिला. दुसऱ्या दिवशी जयंतीला जमलेल्या रंगकर्मींना अश्रू आवरले नाहीत. राज्य शासनाने मूळ स्वरूपात पुनर्उभारणी करण्याची घोषणा केली.

दगड आणि लाकूड पुन्हा रचता येते. मात्र हौशी कलावंताला परवडणारे भाडे, मिळणाऱ्या तारखा आणि आबालवृद्धांना खुला असलेला दरवाजा टिकला, तरच हे नाट्यगृह खऱ्या अर्थाने पुन्हा उभे राहिले असे म्हणता येईल.