शिट्टी आणि तीन डॉक्टर

मध्यमवर्गीय माणसाचा दिवस शिट्ट्यांवर चालतो. कुकरच्या तीन झाल्या की डाळ शिजली, गार्डची झाली की गाडी सुटली आणि चौकातल्या पोलिसाची झाली की खिसा हलका झाला. प्रत्येक शिट्टीचा अर्थ ठरलेला. अर्थ न कळणारी शिट्टी एकच, मोटारीच्या बॉनेटखालून येणारी. तिचा अर्थ फक्त गॅरेजवाल्याला कळतो, आणि तोही रुपयांत.

आमच्या भाच्याने पहिल्या नोकरीच्या जोरावर एक जुनी डिझेल गाडी हप्त्याने घेतली. कंपनीने जशी बनवली तशी गाडी चालवणे तरुणांना कमीपणाचे वाटते. तेव्हा बॉनेटखालचा हवेचा काळा प्लास्टिकचा डबा निघाला आणि त्या जागी बाजारातून आणलेला चकचकीत ॲल्युमिनियमचा पाइप व शंकूसारखा फिल्टर बसला. "मामा, आता इंजिनाला मोकळा श्वास मिळतो," तो म्हणाला. श्वास मिळाला खरा, पण पहिल्याच चढावर इंजिन शिट्टी घालू लागले. एका मोठ्या वर्कशॉपने कॉम्प्युटर लावला, मान हलवली आणि 'टर्बो गेला' असे सांगून बेचाळीस हजारांचे एस्टिमेट हातात ठेवले. दुसऱ्या दिवशी ताई माझ्या काउंटरसमोर उभी.

"सोन्याच्या तारणावर व्याज काय रे पडतं?"

तिच्या हातात पाटल्या नव्हत्या. त्या पर्समध्ये होत्या.

बँकेत वीस वर्षे काढलेल्या माणसाला बाकी काही कळो न कळो, एक गोष्ट पक्की कळते. कॅशमध्ये फरक आला की आधी फरक शोधायचा, खिशात हात मागाहून घालायचा. ताईला चहा पाजून परत पाठवले आणि आवाजावरून रोग ओळखण्याची विद्या आली कुठून, हे वाचत बसलो. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला जमाखर्चाबाहेरची कुठलीही गोष्ट नवलाचीच वाटते, पण हे नवल खरेच मोठे निघाले. ही विद्या गॅरेजातून आलेली नाही. ती दवाखान्यातून आली आहे.

पहिला मान जातो लिओपोल्ड आउएनब्रुगर यांच्याकडे. जन्म १७२२, गाव ऑस्ट्रियातले ग्राट्स, वडिलांची खानावळ. दारूच्या पिंपावर टिचक्या मारायच्या आणि आवाज कुठे पोकळ, कुठे भरीव ते ऐकून आत किती माल उरला हे ओळखायचे, असा त्या धंद्यातला रिवाज. मुलगा व्हिएन्नात डॉक्टर झाला आणि तोच न्याय त्याने रोग्यांच्या छातीला लावला. पाणी कुठवर साचले आहे, हे टिचकीने सांगता येऊ लागले. १७६१ साली त्याने यावर लॅटिनमध्ये छोटेखानी पुस्तक लिहिले. समव्यवसायी मंडळींनी ते वाचून बाजूला ठेवले. आपल्याकडे सूचनापेटीतल्या चिठ्ठ्यांचे होते तेच. या सद्गृहस्थांनी पुढे सालिएरीच्या एका ऑपेराची संहिताही लिहिली. विषय काय, तर धुरांडी साफ करणारा माणूस! हवेच्या वाटा मोकळ्या करण्याचा ध्यास असा असतो.

दुसरे पॅरिसचे रने लाएनेक. १८१६ साली नेकर इस्पितळात एक स्थूल तरुणी हृदयाच्या तक्रारीने आली. छातीला कान लावणे प्रशस्त दिसेना, आणि टिचकी मारून काही कळण्याजोगे नव्हते. डॉक्टरांनी कागदाची घट्ट गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीला, दुसरे आपल्या कानाला. आवाज थेट कान लावण्यापेक्षाही स्वच्छ आला! स्टेथोस्कोप जन्मला तो असा, संकोचापोटी. पुढे लाकडी नळकांडी ते स्वतः लेथवर तासून काढीत. गृहस्थ बासरीही वाजवीत. नळी, भोक आणि हवा यांचे नाते त्यांना कुणी शिकवायला नको होते.

तिसरे हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ. हेही मूळचे डॉक्टर, प्रशियाच्या फौजेतले. १८६३ साली त्यांनी ध्वनीच्या संवेदनेवर मोठा ग्रंथ लिहिला. अरुंद मानेच्या पोकळ गोळ्याला आपला एक ठराविक सूर असतो, हे त्यांनी त्यात मांडले. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जो हुंकार येतो, तोच हा प्रकार. मोटार बनवणारे याचा उलटा उपयोग करतात. हवेच्या वाटेला एक बंद डबा जोडतात. नको असलेला सूर त्या डब्यात जिरतो. म्हणजे भाच्याने 'फुकटची अडगळ' म्हणून जे काही काढले, त्याच्या पोटात साक्षात हेल्महोल्ट्झसाहेब बसले होते.

एवढी विद्या घेऊन मी भाच्यासह आमच्या पेठेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. इतिहास सांगायला तोंड उघडले, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"साहेब, जरा गप्प ऱ्हावा. ऐकू द्या."

आधी त्यांनी एकच प्रश्न विचारला. शिट्टी गाडीच्या वेगाबरोबर वाढते की इंजिनाच्या? उभ्या गाडीत रेस दिली. वाजली. म्हणजे बाहेरच्या वाऱ्याचे काम नव्हे. मग हातभर रबरी नळी घेतली, एक टोक कानाला लावले आणि दुसरे पंखा व पट्टा सांभाळून पाइपावरून फिरवू लागले. लाएनेकसाहेब खाकी कपड्यांत उभे! एका जागी थांबून त्यांनी पाण्याचे चार थेंब शिंपडले. थेंब आत ओढले गेले आणि शिट्टी क्षणभर चिरकली. पाइपाला एक न वापरलेली तोटी होती आणि तिच्यावरची रबरी टोपी फाटली होती. मिस्त्रींनी तिथे बोट ठेवले. शिट्टी बंद. बोट काढले, सुरू. बासरीच ती.

टर्बो बिचारा निर्दोष होता. आल्फ्रेड ब्युखी यांच्या १९०५ सालच्या पेटंटपासून चालत आलेली ही चक्की, इंजिनाच्या धुरावर मिनिटाला लाखाहून अधिक गिरक्या घेते. ती मुळातच थोडी शीळ घालते, म्हणून बॉनेटखाली काहीही वाजले की नाव तिचे. पण महिना-दोन महिन्यांत तिच्यावर खरोखरच संक्रांत आली असती. तोटी फिल्टरच्या पुढे होती. तिथून शिरणारी हवा धुळीसकट थेट पात्यांवर जात होती. शिवाय ती हवा मोजणाऱ्या सेन्सरच्याही पुढे, म्हणजे रक्कम जमा पण खात्यात नोंद नाही! बँकेत कॅश जास्त निघाली तरी कमी निघाल्याइतकाच घाम फुटतो. इंजिनाचेही तसेच असावे.

बिल झाले टोपी आणि क्लिपचे, साठ रुपये. पाटल्या ताईच्या हातात परत गेल्या. भाच्याने जुना डबाही माळ्यावरून काढून आणला. मी बिल उलटसुलट करून पाहिले. ऐकण्याचा आकार कुठेच लावलेला नव्हता. त्यासाठी बिलात रकानाच नसतो.

आउएनब्रुगर यांना तरी कुठे मिळाला? सत्तेचाळीस वर्षे त्यांचे पुस्तक धूळ खात होते. १८०८ साली नेपोलियनचे डॉक्टर कोर्व्हिझार यांनी त्याचा फ्रेंच अनुवाद काढला. सगळा शोध स्वतःच्या नावावर सहज खपला असता, पण त्यांनी मूळ नाव ठळक ठेवले. पुढच्याच वर्षी, १८०९ मध्ये, आउएनब्रुगर वारले.

कोर्व्हिझार यांचा कित्ता गिरवून मीही मिस्त्रींचे नाव इथे छापणार होतो. त्यांनीच नको म्हटले.

"नाव छापलं की गर्दी हुते, साहेब. गर्दीत ऐकू येत न्हाई."