१. बाह्य शोभा
नव्या करारातील पेत्राच्या पहिल्या पत्रातला (३:३-४) उपदेश. केसांची गुंफण, सोन्याचे दागिने व उंची वस्त्रे यांपेक्षा सौम्य, शांत वृत्ती हेच स्त्रीचे खरे भूषण, असा त्याचा आशय. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातही (२:९-१०) तो येतो. रोख दिमाखावर आहे, देहाच्या निगेवर नाही. पौल तर शरीराला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हणतो (१ करिंथ ६:१९). तेथील मूळ संदर्भ व्यभिचाराचा असला, तरी निगेच्या समर्थनार्थ हे वचन सर्रास दिले जाते. पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) आचरणात दोन्ही अंगे स्पष्ट दिसतात: स्वतः साध्या पांढऱ्या वस्त्रात राहिल्या, पण पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगावी, मुक्ती मिशनमध्ये, दुष्काळातून आणलेल्या मुलींची स्वच्छता व औषधपाणी हे त्यांनी धर्मकार्यच मानले.