दहावीनंतर आयटीआय की पदवी? सिल्लोडच्या घरात हा हिशोब कसा मांडायचा

दहावीचा निकाल लागला की सिल्लोडच्या सेतू केंद्रांवर आणि झेरॉक्सच्या दुकानांत गर्दी सुरू होते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर. एकाच रांगेत उभी असलेली मुलं दोन वेगवेगळे अर्ज भरत असतात. कुणी अकरावीचा, कुणी आयटीआयचा. घरी वाद मात्र एकच असतो. आईचं म्हणणं, कॉलेज कर, चार लोकांत मान राहील. मामाचं म्हणणं, हातात काम शिक, उपाशी राहणार नाहीस.

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण हा वाद बहुतेक वेळा फी आणि पगार या दोनच गोष्टींवर होतो. त्यात एक तिसरा आकडा धरलाच जात नाही. तो आहे वर्षांचा.

दोन रस्त्यांत नेमका फरक काय?

आयटीआय म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था. देशात कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली, त्याच योजनेखाली या संस्था चालतात. महाराष्ट्रात आज ४००हून अधिक शासकीय आयटीआय आहेत.

इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे ट्रेड दोन वर्षांचे. वेल्डर, प्लंबर, डिझेल मेकॅनिक हे एक वर्षाचे. इलेक्ट्रिशियन किंवा फिटरसाठी गणित-विज्ञान घेऊन दहावी पास असावं लागतं. वेल्डर, वायरमन, प्लंबर, सुतारकाम अशा काही ट्रेडना दहावी नापास मुलंही पात्र असतात.

पदवीचा रस्ता लांब. अकरावी-बारावीची दोन वर्षं, त्यानंतर बीए, बीकॉम किंवा बीएस्सीची तीन वर्षं. नव्या शैक्षणिक धोरणानुसार ऑनर्स पदवी हवी असेल तर चार.

पहिली कमाई कधी?

समजा दोन मित्र आहेत, दोघंही १६ वर्षांचे. एक इलेक्ट्रिशियनला प्रवेश घेतो. १८व्या वर्षी त्याचं प्रशिक्षण संपतं. पुढचं वर्ष तो कंपनीत किंवा महावितरणमध्ये अप्रेंटिस म्हणून काढतो. २०१९च्या नियमांनुसार आयटीआय झालेल्या अप्रेंटिसला महिन्याला किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं. २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ परिषदेने विद्यावेतनात ३६ टक्के वाढ करण्याची शिफारस केली. म्हणजे १९व्या वर्षी या मुलाच्या हातात प्रमाणपत्र, वर्षभराचा अनुभव आणि थोडे पैसे असतात.

दुसरा मित्र बीए करतो. १९व्या वर्षी तो पदवीच्या पहिल्या वर्षाला असतो. २१व्या वर्षी पदवी हातात येते. लगेच नोकरी मिळाली तर फरक दोन-तीन वर्षांचाच. पण अनेकांच्या बाबतीत पदवीनंतरच खरी वाट पाहणं सुरू होतं.

पदवीला आता किंमत राहिली नाही का?

असं म्हणणं चुकीचं ठरेल. आकडे काय सांगतात ते पाहू.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि मानव विकास संस्था यांच्या २०२४च्या अहवालानुसार, २०२२ मध्ये देशातल्या पदवीधर तरुणांमध्ये बेरोजगारीचा दर २९.१ टक्के होता. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये तो फक्त ३.४ टक्के होता. हा आकडा समाजमाध्यमांवर "शिकून काय उपयोग" म्हणून फिरतो. पण त्याचा अर्थ वेगळा आहे. न शिकलेल्या मुलाला बेकार बसणं परवडतच नाही. तो मिळेल ते काम मिळेल त्या मजुरीवर करतो, म्हणून तो "बेरोजगार" या रकान्यात येत नाही. पदवीधर आपल्या शिक्षणाला साजेशा नोकरीसाठी थांबतो.

अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३च्या अहवालात ही गोष्ट आणखी स्पष्ट दिसते. २५ वर्षांखालच्या पदवीधरांमध्ये बेरोजगारी ४२ टक्क्यांच्या वर होती. वयाच्या ३५ ते ३९ या गटात पोहोचेपर्यंत ती ५ टक्क्यांच्या खाली आली. म्हणजे बहुतेक पदवीधर शेवटी कुठे ना कुठे कामाला लागतात. पण ते काम शिक्षणाला साजेसं असतं की नाही, हे या आकड्यातून कळत नाही. मधली दहा वर्षं घर कोण चालवतं, हेही कळत नाही.

ज्या घरात वडिलांची नोकरी आहे, तिथे मुलगा २७व्या वर्षापर्यंत थांबू शकतो. तीन-चार एकर कापूस आणि मका असलेल्या घरात, एका वर्षी पाऊस गेला किंवा मिरचीचे भाव पडले की थांबणं अवघड होतं. पदवीची खरी किंमत कॉलेजच्या फीच्या पावतीवर नसते. ती या थांबण्यात असते.

सरकारी नोकरीच्या रांगेत किती लोक?

ग्रामीण भागात पदवी घेण्यामागे सरकारी नोकरीची आशा हे मोठं कारण असतं. २०२३च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि १० लाख ४१ हजारांहून अधिक अर्ज आले. एका जागेमागे सुमारे २२४ जण. या पदाला कोणत्याही शाखेची पदवी चालते, त्यामुळे रांग मोठीच होणार.

२०२४च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी साडेसतरा लाखांहून जास्त अर्ज आले. तिथे पात्रता बारावी पासची, पण रांगेत पदवीधरही होते.

आता आयटीआयवाल्यांसाठीची एक भरती पाहू. महावितरणने डिसेंबर २०२३ मध्ये विद्युत सहाय्यकांच्या ५,३४७ जागांची जाहिरात काढली. पात्रता दहावी आणि इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचं प्रमाणपत्र. बीए, बीकॉम झालेल्यांना इथे अर्ज करता येत नव्हता. मानधन पहिल्या वर्षी महिना १५,०००, दुसऱ्या वर्षी १६,०००, तिसऱ्या वर्षी १७,००० रुपये, आणि तीन वर्षं नीट पूर्ण झाली की तंत्रज्ञ म्हणून नियमित वेतनश्रेणी. रेल्वेत सहाय्यक लोको पायलट पदासाठीही दहावी आणि ठरावीक ट्रेडमधलं आयटीआय चालतं. २०२४ मध्ये या पदाच्या १८,७९९ जागा भरायला काढल्या होत्या.

इथेही स्पर्धा असतेच. फरक इतकाच की या रांगेत उभं राहायला ठरावीक ट्रेडचं प्रमाणपत्र लागतं.

सिल्लोडमध्ये कारागिराला काम कुठे?

सिल्लोड तालुका शेतीवर चालतो. विहिरीवरची मोटार जळली तर वाइंडिंगवाला लागतो. स्टार्टर बिघडला, ठिबकचा पंप बंद पडला, ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक गेला, ट्रॉलीचा सांधा तुटला, तर माणूस त्याच दिवशी लागतो, कारण पीक थांबत नाही. "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजना आणि २०२४ मध्ये सुरू झालेली घराच्या छतावरच्या सौर पॅनेलची पीएम सूर्यघर योजना, यामुळे सौर यंत्रणा बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्यांची गरजही वाढली आहे.

पण फक्त काम येणं आणि चांगली कमाई होणं यात फरक आहे, आणि तो बऱ्याचदा परवान्यामुळे पडतो. महाराष्ट्रात वायरिंगचं काम अधिकृतपणे करायला राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा तारतंत्री परवाना लागतो. त्यापुढे पर्यवेक्षकाचा परवाना आणि मग विद्युत ठेकेदाराचा परवाना. नवीन वीजजोडणी घेताना परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. म्हणजे दुसऱ्याच्या हाताखाली रोजाने जाणारा वायरमन आणि स्वतःच्या नावावर कामं घेणारा ठेकेदार यांच्यामध्ये हा कागद उभा असतो.

गावातल्या धंद्याची एक अडचणही आहे. उधारी. मोटार भरून दिली तरी पैसे बऱ्याचदा कापूस विकल्यावर मिळतात. त्यामुळे दुकान टाकायचं तर सुरुवातीचे काही महिने निघतील एवढी शिल्लक जवळ हवी.

आणि कंपनीत?

छत्रपती संभाजीनगर सिल्लोडपासून साधारण ६५ किलोमीटरवर आहे. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ पासून आहे आणि त्याच्या आजूबाजूला सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांची मोठी साखळी उभी राहिली. शेंद्रा आणि बिडकीनमध्ये ऑरिक हे नवं औद्योगिक शहर वसतंय. बिडकीनसाठी टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारशी सुमारे २० हजार कोटींच्या गुंतवणुकीचा करार केला, त्यात ८ हजार थेट रोजगारांची भाषा आहे.

करार झाला म्हणजे उद्या भरती निघाली असं नसतं. कारखाना उभा राहायला वर्षं जातात. आणि कंपनीत लागलेला प्रत्येक आयटीआयवाला कायम होतो असंही नाही. अनेक जण ठेकेदाराकडून, ठरावीक महिन्यांसाठी घेतले जातात. सिल्लोडहून वाळूजला रोज जाणं-येणं परवडत नाही, म्हणून बजाजनगर किंवा रांजणगावात खोली करावी लागते. पगारातून खोलीभाडं, मेस आणि गावी पाठवायचे पैसे वजा केल्यावर काय उरतं, तो खरा पगार.

अप्रेंटिसबद्दल एक गोष्ट माहीत असलेली बरी. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार अप्रेंटिस हा "कामगार" नसतो, शिकणारा असतो. सुरक्षेचे नियम त्याला लागू होतात, पण अप्रेंटिसशिप संपल्यावर कंपनी नोकरी देईलच अशी हमी नसते.

मग लोक पदवीच का निवडतात?

कारण हा प्रश्न फक्त पैशांचा नाही.

मराठवाड्यात कॉलेज फार उशिरा आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत १९५० मध्ये कॉलेज सुरू केलं, ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९५८ मधली. ज्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या शिक्षणापासून दूर ठेवलं आणि जातीनुसार ठरलेलं हातकामच करायला लावलं, त्या घरांसाठी पदवी म्हणजे त्या कामातून सुटका होती. अशा घरातल्या आजोबांना "नातवाने वेल्डिंग शिकावं" हे ऐकताना काय वाटतं, हे पगाराच्या आकड्यांतून समजत नाही.

लग्नाच्या बोलणीतही तेच दिसतं. मुलगा काय करतो, या प्रश्नाला "कंपनीत कायम आहे" किंवा "सरकारी नोकरी आहे" हे उत्तर चालतं. "स्वतःचं वाइंडिंगचं दुकान आहे" म्हटलं की पुढचे चार प्रश्न येतात. सरकारी कागदावरही पायरी तीच आहे. राज्याच्या २०२४च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआय किंवा पदविकाधारकाला महिना ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये ठरले. आयटीआयच्या प्रशिक्षणार्थ्यांना शिकताना मिळणारं विद्यावेतन तर २०२३ पर्यंत महिना ४० रुपये होतं. त्या वर्षी ते ५०० करण्याचा निर्णय झाला.

मुलींच्या बाबतीत हिशोब आणखी वेगळा असतो. आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असल्या तरी अनेक घरांत गावाजवळचं कॉलेज हाच एक रस्ता मोकळा ठेवला जातो. त्या तीन वर्षांमुळे कित्येक मुलींचं लग्न पुढे ढकललं जातं. पदवीचा हा फायदा कुठल्याही पगाराच्या तक्त्यात येत नाही.

आयटीआय केलं तर पदवीचं दार बंद होतं का?

नाही. घरातल्या वादात बहुतेक वेळा हीच गोष्ट सुटते.

दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाचा अर्ज करता येतो. पदविका झाली की इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाचा रस्ता उघडतो. ठरलेल्या विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षताही मिळवता येते, आणि मग नोकरी करता करता यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घेता येते. टूल आणि डाय बनवण्यात रस असेल तर संभाजीनगरच्या चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम आहे.

उलट दिशेनेही जाता येतं. बीए झालेला मुलगा आयटीआयला प्रवेश घेऊ शकतो, आणि घेतातही. पण तेव्हा तो २१-२२ वर्षांचा असतो आणि वर्गात शेजारी १६ वर्षांचा मुलगा बसलेला असतो. रस्ता तोच, पाच वर्षं उशिरा.

अर्ज भरण्याआधी काय तपासायचं?

- पदवी घ्यायची तर कशासाठी, हे एका वाक्यात सांगता येतं का? माध्यमिक शिक्षक, बँक, एमपीएससी, संशोधन यांसाठी पदवी लागतेच. "बघू पुढे" हे उत्तर असेल तर पुन्हा विचार करावा.
- पदवीनंतर किती वर्षं तयारी करायची, हे घरात आधीच बोलून ठरवावं. दोन वर्षं की तीन. तारीख नसलेली तयारी संपत नाही.
- आयटीआय घ्यायचं तर संस्थेचं नाव पाहण्याआधी ट्रेड पाहावा. त्या ट्रेडला राष्ट्रीय परिषदेची मान्यता आहे का, वर्कशॉपमध्ये यंत्रं चालू आहेत का, शिकवणारे निदेशक आहेत का, हे स्वतः जाऊन बघावं.
- आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप टाळू नये. अनेक भरतींच्या जाहिरातींत अप्रेंटिसशिपचं राष्ट्रीय प्रमाणपत्र मागतात.
- कंपनीत लागल्यावर पगारपत्रकात "कुशल" लिहिलंय की "अकुशल" ते पाहावं. किमान वेतनाचे दर त्यावर ठरतात. पीएफ आणि ईएसआय कापलं जातंय का, तेही बघावं.
- शरीराचा विचार करावा. खांबावर चढणं किंवा दिवसभर वेल्डिंग करणं वयाच्या २०व्या वर्षी जमतं. ४५व्या वर्षी काय, याचं उत्तर परवाना, स्वतःचं दुकान किंवा पुढचं शिक्षण यांपैकी एकात असायला हवं.

सेतू केंद्रावरच्या रांगेतल्या दोन्ही मुलांपैकी कुणाचाही अर्ज चुकीचा नाही. ज्या घराला थांबणं परवडतं, त्या घरातल्या मुलाने पदवी आधी घेतली तरी चालतं. ज्या घराला परवडत नाही, तिथे आधी हाताला काम आणि मग पदवी, हा क्रमही तितकाच मानाचा आहे. निर्णय घेताना घरात विचारायचा प्रश्न "आयटीआय की पदवी" हा नाही. आपण किती वर्षं थांबू शकतो, हा आहे.