मुंबईची वीज आणि मुळशीची जमीन



गहू भरणीला आला की आपल्याकडे एकच चौकशी असते, लाईट दिवसाची की रात्रीची? रात्रीची असली की बॅटरी घेऊन बांधावर जायचं, मोटार चालू करायची आणि विंचूकाट्याला सांभाळत दारं धरायची. त्याच रात्री मुंबई मात्र दिव्यांनी लखलखत असते. ही मुंबईची वीज आली कुठून, ते आज बघू.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईच्या कापड गिरण्या कोळशावर चालायच्या. कोळसा लांबून आणावा लागे, धुराने शहर काळवंडायचं. सह्याद्रीत पडणाऱ्या पावसापासून वीज करावी, ही कल्पना जमशेदजी टाटांनी धरली. ते १९०४ साली वारले. पुढे मुलगा दोराबजी यांनी काम नेलं. १९१० साली कंपनी निघाली, लोणावळ्याजवळ तलाव बांधले आणि १९१५ साली खोपोलीचं वीजघर सुरू झालं.

आपल्या संभाजीनगरची पाणचक्की बऱ्याच जणींनी पाहिली असेल. वरून पडणारं पाणी चाक फिरवतं आणि दळण होतं. खोपोलीला तत्त्व तेच. घाटावरचं पाणी मोठ्या नळांतून पाचशे मीटरहून खाली सोडलं, त्याच्या जोरावर चाकं फिरली आणि तारांमधून वीज मुंबईच्या गिरण्यांना पोहोचली. १९२२ साली भिवपुरीचं वीजघर सुरू झालं.

आता तिसरी जागा, मुळशी. पुणे जिल्ह्यातल्या मुळशी खोऱ्यात मुळा आणि निळा नद्यांच्या काठी मावळे शेतकऱ्यांची भाताची खाचरं होती. तिथे धरण होणार, पन्नासेक गावं बाधित होणार, असं ठरलं. शेतकऱ्यांना नीट विचारलंसुद्धा नाही. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. घोषणा होती, ‘जान किंवा जमीन’. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट या लढ्यात पुढे होते. लोक त्यांना ‘सेनापती’ म्हणू लागले ते इथूनच. बायकाही मागे राहिल्या नाहीत. धरणाच्या कामावर जाऊन बसल्या, तुरुंगातही गेल्या.

तरीही धरण झालं. बापटांना शेवटी सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ साली भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. जे पाणी पूर्वेला भीमेकडे वाहायचं, ते डोंगर फोडून पश्चिमेला कोकणात उतरवलं गेलं.

मैत्रिणींनो, या लढ्यातली एक गोष्ट मला फार लागते. मुळशीची बरीच जमीन कर्जापायी कागदावर पुण्याच्या सावकारांच्या नावे गेली होती. कसणारा मावळा, पण मालक सावकार. त्यामुळे पुष्कळ सावकार मोबदला घ्यायला तयार झाले आणि मावळ्याची बाजू तिथेच लंगडी पडली. घाम ज्याचा, नाव त्याचं नाही.

वीज नको, असं मी म्हणत नाही. पुढे कोयनेची वीज आली, परळीची आली, म्हणून तर आपल्या विहिरीवर मोटार बसली आणि गावात पिठाची गिरणी आली. पण प्रत्येक दिव्यामागे कुणाची तरी जमीन असते. पैठणचं जायकवाडी झालं तेव्हा उठलेल्या गावांतली माणसं आपल्या नात्यागोत्यात आहेतच.

जमीन घेण्याचा इंग्रजांचा १८९४ चा कायदा आपल्याकडे २०१३ पर्यंत चालला. नव्या कायद्यात पुनर्वसन आलं आणि खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ऐंशी टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. पण संमती मागताना कागदावरचं नाव बघितलं जाणार. आपण पेरतो, निंदतो, कापूस वेचतो, आणि सातबाऱ्यावर नाव? नवऱ्याच्या जोडीने बायकोचं नाव लावण्यासाठी आपल्या राज्यात ‘लक्ष्मीमुक्ती’ योजना आहे. तलाठी कार्यालयात तिची चौकशी करता येते.

म्हणून या महिन्याच्या बैठकीला बचतीच्या पासबुकासोबत घरचा सातबाराही आणा. सगळ्या मिळून वाचू. कुणाचं नाव आहे, कुणाचं नाही, ते आपल्या डोळ्यांनी बघू.