जुनी ॲक्सेस फाईल हाती आली? आधी ‘एमडीडब्ल्यू’ शोधा

संस्थेचा जुना कॉम्प्युटरवाला सोडून गेला आणि सभासदांची ॲक्सेस फाईल तुमच्या गळ्यात पडली, तर घाई करू नका. कोणी काय बघायचं, काय बदलायचं हे ‘एमडीबी’ फाईलमध्ये असतं; पण युजर, ग्रुप, पासवर्ड ‘एमडीडब्ल्यू’ या वेगळ्याच फाईलमध्ये. जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी तिची कॉपी काढा. ती गेली, तर नव्यानं बनवायला मूळ नाव, संस्था, वर्कग्रुप आयडी, शिवाय प्रत्येक युजरचा पीआयडी जसाच्या तसा लागतो. हा कागद सहसा कुणाकडेच नसतो!

‘ॲडमिन’ युजर सगळ्या कॉम्प्युटरवर एकच. त्याच्याकडे हक्क राहिले, तर कुलूप नावालाच. २००७ पासूनच्या ‘एसीसीडीबी’त ही सोयच नाही, फाईल बदलली की परवानग्या उडतात. म्हणून बदल आधी कॉपीवर करून बघा.