मागून लोटणारे हात

आज आम्ही तुम्हाला बर्फावरच्या एका खेळाची गोष्ट सांगणार आहोत. हा खेळ आपल्या गावात कुणी खेळत नाही. पण गोष्ट ऐकलीत की ती परकी वाटणार नाही, असं आम्हाला वाटतं.

खेळाचं नाव शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंग. मोठ्या बंदिस्त सभागृहात गुळगुळीत बर्फ जमवतात. त्यावर अंड्याच्या आकाराची वाट असते, एक फेरी साधारण 111 मीटरची. बुटाच्या तळाला धारदार पोलादी पातं लावायचं आणि त्या पात्यावर घसरत शर्यत लावायची. वळणावर अंग इतकं कलतं की हात बर्फाला टेकतो. एकीचा पाय सरकला की मागची पण आपटते.

यातली बायकांची सांघिक शर्यत 3000 मीटरची, म्हणजे 27 फेऱ्यांची. एका संघात चौघी असतात. एक पळते, बाकीच्या तिघी आतल्या बाजूला हळूहळू फिरत थांबतात. पळणारी दमत आली की दुसरी तिच्या पुढ्यात येऊन वाकते. मग पहिली तिच्या कमरेला दोन्ही हात लावते आणि जोर लावून तिला पुढे लोटते. स्वतःचा वेग तिला देते आणि बाजूला होते. शेवटच्या दोन फेऱ्या मात्र एकीनेच पळायच्या, असा नियम आहे.

या शर्यतीत दक्षिण कोरियाच्या मुलींनी मोठं नाव केलं. 1992 साली हा खेळ हिवाळी ऑलिम्पिकमध्ये पदकासाठी आला, तेव्हा बायकांची ही शर्यत कॅनडाने जिंकली. 1994 साली नॉर्वेतल्या लिलेहॅमर ऑलिम्पिकमध्ये कोरिया जिंकला. त्या संघातली किम युन-मी तेरा वर्षांची होती, आपल्याकडच्या सातवी-आठवीतल्या मुलीएवढी. त्यानंतर 1998, 2002 आणि 2006, असं सलग चार वेळा सुवर्णपदक कोरियालाच मिळालं. 2010 मध्ये त्या पहिल्या आल्या, पण चीनच्या खेळाडूला अडथळा केला म्हणून पंचांनी त्यांना बाद केलं. 2014 मध्ये रशियातल्या सोचीला शेवटच्या फेरीत शिम सुक-ही नावाच्या सतरा वर्षांच्या मुलीने चीनला मागे टाकलं आणि पदक परत आणलं.

2018 साली ऑलिम्पिक त्यांच्याच देशात भरलं. 10 फेब्रुवारीला उपान्त्य फेरी होती. शर्यत नुकतीच सुरू झाली होती, वीसहून जास्त फेऱ्या बाकी होत्या, आणि शाळकरी वयाची ली यू-बिन पडली. सगळं सभागृह चूप झालं. यू-बिनने पडल्या पडल्याच हात लांब केला. चोई मिन-जोंग धावून आली, त्या हाताला हात लावला आणि निघाली. बाकीचे संघ केव्हाच पुढे गेले होते. चौघींनी एक एक करत अंतर कापलं, पहिल्या आल्या, आणि वेळ लागली 4 मिनिटं 6.387 सेकंद. तो ऑलिम्पिकचा नवा विक्रम होता! दहा दिवसांनी अंतिम शर्यतही त्यांनीच जिंकली.

गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं. पण त्याच संघाची कर्णधार होती शिम सुक-ही. ऑलिम्पिकच्या जेमतेम महिनाभर आधी, जानेवारीत, सरावाच्या वेळी तिच्या प्रशिक्षकाने तिला मारहाण केली. ती केंद्र सोडून निघून गेली. दुसऱ्याच दिवशी देशाचे राष्ट्राध्यक्ष खेळाडूंना भेटायला आले. कर्णधार कुठे दिसत नाही, तर तिला बरं नाही असं सांगण्यात आलं. ‘पोरीला बरं नाही’ हे उत्तर आपणही कितीदा ऐकलंय, नाही का?

आणि हे पहिल्यांदा घडत नव्हतं. 2004 सालीही राष्ट्रीय संघातल्या मुली मारहाणीला कंटाळून प्रशिक्षण केंद्रातून बाहेर पडल्या होत्या. तेव्हा प्रशिक्षकांना जावं लागलं. मग 2006 चं सुवर्णपदक आलं, आणि मार खाल्ल्याची गोष्ट मागे पडली. पदक येतंय ना, मग कशाला विचारायचं?

शिमने मात्र या वेळी मागे घेतलं नाही. प्राथमिक शाळेत असल्यापासून आपल्याला मारत आलेत, हॉकी स्टिकच्या माराने बोट मोडलं होतं, असं तिने न्यायालयात सांगितलं. मारहाणीबद्दल प्रशिक्षकाला तुरुंगवास झाला. 2019 च्या जानेवारीत ती त्याहून अवघड गोष्ट बोलली. शाळकरी असल्यापासून या माणसाने आपल्यावर लैंगिक अत्याचार केले, असं तिने जगासमोर सांगितलं. 2021 मध्ये न्यायालयाने त्याला साडेदहा वर्षांची शिक्षा दिली, आणि अपिलात ती वाढून तेरा वर्षं झाली.

ती बोलल्यावर दुसऱ्या खेळांतल्या मुलीही बोलू लागल्या. कोरियाच्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने खेळातल्या छळाच्या चौकशीसाठी खास पथक नेमलं. एकीने वेग दिला आणि दुसरी पुढे निघाली, तसंच हे झालं.

आम्हाला या इतिहासात एक गोष्ट फार लागून राहिली. यू-बिन बर्फावर पडली ती हजारो लोकांनी पाहिली, आणि क्षणात तिच्या हाताला हात मिळाला. शिमचं पडणं बंद दाराआड होतं, म्हणून तिला हात मिळायला कितीतरी वर्षं गेली. ती इतकी वर्षं जिंकत होती, म्हणून ती ठीकच असेल असं सगळ्यांनी धरलं.

आता आपल्या मुलीही खो-खो, कबड्डी, कुस्तीला बाहेरगावी जातात, शिबिरात नाहीतर वसतिगृहात राहतात. त्यांना जरूर पाठवा. पण परत आल्यावर ‘नंबर आला का’ एवढंच विचारू नका. सर कसे बोलतात, रात्री सोबत कोण असतं, जायला मन होत नाही असं कधी वाटतं का, हेही जवळ बसवून विचारा. मुलगी काही बोलली तर आधी तिच्यावर विश्वास ठेवा. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी आपल्याकडे 2012 चा पोक्सो कायदा आहे, आणि 1098 या नंबरवर फुकट फोन लागतो. हा नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, आणि पुढच्या बैठकीत सगळ्यांना एकदा वाचून दाखवा.

येतो आम्ही. पुन्हा भेटू.