धुराचा वारसा : आइला बेटावरील पीटयुक्त माल्ट व्हिस्कीची जडणघडण

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील आइला बेटावरील सिंगल माल्ट व्हिस्कीला धूर, डांबर व जंतुनाशक यांची आठवण करून देणारा गंध असतो. त्याचे श्रेय सामान्यतः तेथील माती, पाणी व समुद्री वाऱ्याला दिले जाते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, हा गंध इंधनाच्या टंचाईतून जन्मला आणि पुढे व्यापारी हेतूने जाणीवपूर्वक जपला गेला.

आइलावर वृक्ष विरळ. दगडी कोळसा बाहेरून आणावा लागे. दलदलीत अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा व झुडपांचा थर, म्हणजेच पीट, मात्र मुबलक होता. घरच्या चुलीत तोच जळे आणि मोड आणलेली बार्ली सुकविण्याच्या भट्टीतही तोच. ओलसर दाणे धुरातील ग्वायकॉल, क्रेसॉल आदी फिनॉलवर्गीय संयुगे शोषून घेत. १८६० च्या दशकात स्पे नदीच्या खोऱ्यात रेल्वे पोहोचली, कोळसा व कोक सुलभ झाले आणि तेथील व्हिस्कीतला धूर हळूहळू ओसरला. आइलावर तो टिकला, कारण अशी थोडीशी व्हिस्कीही संपूर्ण मिश्रणाला भारदस्तपणा देते, हे मिश्र व्हिस्कीच्या व्यापाऱ्यांनी ओळखले होते.

या गंधाचे मोल किती होते, हे पीटर मॅकी यांच्या उदाहरणावरून कळते. लागाव्हुलिनचे मालक असलेले मॅकी शेजारच्या लाफ्रॉइगचे विक्री-प्रतिनिधीही होते. १९०७ मध्ये ते प्रतिनिधित्व हातचे गेल्यावर त्यांनी १९०८ मध्ये स्वतःच्याच आवारात ‘माल्ट मिल’ ही दुसरी भट्टी उभारली. पात्रे लाफ्रॉइगच्या धर्तीवर घडविली, माल्ट केवळ पीटवर सुकविले. पीट त्याच बेटावरचे, हवा तीच. तरीही लाफ्रॉइगची चव काही साधली नाही. माल्ट मिल १९६२ मध्ये बंद पडली. केवळ भूगोलावर भिस्त ठेवणाऱ्या अभ्यासकांनी या प्रसंगाचा विचार करावयास हवा.

फिनॉलचे प्रमाण माल्टमध्ये दशलक्षांश भागांत मोजतात. बाटलीवरील जाहिरातीत हा आकडा मिरविला जातो, पण तो फसवा आहे. लागाव्हुलिन व काओल इला यांनी पोर्ट एलन येथील माल्टगृहातून सुमारे ३५ भाग फिनॉलचे माल्ट घेतले, तरी पहिलीची व्हिस्की दाट व दुसरीची हलकी उतरते. ऊर्ध्वपातनात फिनॉल उशिरा येतात. म्हणून पात्राचा आकार आणि धार केव्हा तोडावयाची हा कारागिराचा निर्णय महत्त्वाचा ठरतो.

बाजारावर पोसलेली चव बाजाराबरोबरच संकटात आली. मागणी घटताच १९८१ मध्ये आर्डबेग आणि १९८३ मध्ये पोर्ट एलन बंद झाली. सिंगल माल्टला स्वतंत्र ग्राहक लाभल्यावर आर्डबेग १९९७ मध्ये नव्या मालकांनी सावरली. पोर्ट एलन तर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. आता गोव्यातील पॉल जॉनच्या काही व्हिस्कींसाठीही स्कॉटलंडचे पीट आयात होते, आणि तेही इंधनासाठी नव्हे, केवळ धुरासाठी.